परदेशात एम.बी.ए.: तीन प्रवेशपत्रे हातात आहेत, निवड कशी करावी?

टॉवेलवाला (धागाकर्ता)

नमस्कार. मी सोलापूरचा. इथेच मेकॅनिकलची पदवी घेतली आणि गेली साडेचार वर्षे पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी आणि पुरवठ्याचे काम पाहतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल निर्यातदारांमार्फत बाहेर जातो, त्यामुळे परदेश हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेला आहे. तिथे जाऊन राहिलेले मात्र कोणी नाही.

यंदा तीन ठिकाणांहून प्रवेशपत्र आले आहे. पहिले अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठाचे, दोन वर्षांचे, निम्मी फी माफ. दुसरे इंग्लंडमधले, लंडनबाहेरचे, एका वर्षाचे. तिसरे जर्मनीतले, तेही एकाच वर्षाचे आणि संपूर्ण इंग्रजीतून. संस्थांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव दिसले की चर्चा क्रमवारीवर घसरते आणि मग तिथून वर येत नाही.

डॉलर ९०, पौंड १२० आणि युरो १०५ रुपये धरून राहण्या-खाण्यासह ढोबळ खर्च असा निघतो: अमेरिका सुमारे १ कोटी ४ लाख, इंग्लंड ५६ लाख, जर्मनी ५५ लाख. माझी शिल्लक आणि वडिलांची मदत मिळून २४ लाख जमतील, बाकी कर्ज. इंग्लंडची आगाऊ रक्कम भरण्याची मुदत पंधरा दिवसांवर आली आहे आणि ती रक्कम परत मिळत नाही.

घरात तीन मते आहेत. मामा म्हणतात अमेरिकाच. वडील म्हणतात, जिथे कर्ज कमी तिथे. आजी म्हणते, जिथून संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येता येईल तिथे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातरस्ता

मी २०१९ साली अमेरिकेतून एम.बी.ए. केले आणि २०२२ साली परत आलो, तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजून लिहितो.

तुम्ही तीन संस्थांमधून निवडत आहात असे तुम्हाला वाटते, पण वस्तुतः तुम्ही तीन देशांच्या कामाच्या परवान्यांमधून निवडत आहात. स्थानिक विद्यार्थ्याला पदवीनंतर केवळ नोकरी शोधायची असते; आपल्याला नोकरी शोधायची असते, आणि शिवाय आपल्यासाठी परवान्याचा खटाटोप करायला तयार असलेला मालक शोधायचा असतो. हे दोन शोध वेगळे आहेत आणि संस्थेची माहितीपुस्तिका फक्त पहिल्याबद्दल बोलते.

म्हणून पहिले काम हे करा की त्या अमेरिकन विद्यापीठाचा नोकऱ्यांचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि पहिल्या पानावरचा मोठ्या टायपातला टक्का सोडून आतला तक्ता उघडा. तिथल्या बऱ्याच संस्था कायमस्वरूपी कामाचा हक्क असलेले आणि तो नसलेले अशा दोन ओळी वेगळ्या देतात. तुमची ओळ दुसरी. त्या ओळीत किती जण मोजले आहेत, पदवीच्या दिवशी किती जणांकडे नोकरी होती आणि तीन महिन्यांनंतर किती जणांकडे, हे पाहा. तळटीपही वाचा, जे ‘नोकरी शोधत नव्हते’ त्यांना भाजकातून वगळलेले असते, आणि शंभरातले वीस जण असे वगळले की उरलेल्या ऐंशीपैकी बहात्तर जणांच्या नोकऱ्या नव्वद टक्के दिसतात.

आता परवान्याचे. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने काम करता येते, आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने. तुमचा अभ्यासक्रम किंवा त्यातली तुमची शाखा त्या वर्गात आहे का, हे प्रवेश विभागाकडून लेखी घ्या. त्यापुढे एच-१बी हा कामाचा व्हिसा, म्हणजे वर्षाला ८५,००० जागा आणि त्यासाठी सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आधीच राहणाऱ्याने तिथूनच दर्जा बदलून घेतला तर ते लागू नाही असा खुलासा पुढच्याच महिन्यात झाला. पण दरम्यान कितीतरी मालकांनी धसका घेतला, आणि मालकाचा धसका कोणत्याही खुलाशाने चटकन जात नाही.

माझे नाव तीन वेळा सोडतीत घातले गेले आणि तीनही वेळा निघाले नाही. नोकरी चांगली होती, साहेब चांगला होता, आणि तरीही जून महिन्यात गाडी विकून, गादी शेजाऱ्याला देऊन परत आलो. कर्ज मात्र माझ्याबरोबरच परत आले.

शेंगाचटणी

सातरस्ता यांचा अनुभव खरा असेल, परंतु क्रमवारी अगदीच निरुपयोगी आहे हा धागाकर्त्याचा सूर पटत नाही. ‘फायनान्शियल टाइम्स’ या वृत्तपत्राच्या एम.बी.ए. क्रमवारीच्या यादीत जी संस्था वर आहे तिथल्या विद्यार्थ्यांना पगार जास्त मिळतो हे आकड्यांत दिसते. धागाकर्त्याने तिन्ही संस्थांचे क्रमांक तरी द्यावेत.

भुईकोट

शेंगाचटणी, त्या यादीतला पगाराचा रकाना कसा तयार होतो हे पाहिल्यावर माझे मत बदलले, म्हणून सांगतो. तो पगार पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना विचारून घेतलेला असतो आणि त्यावर क्रयशक्तीच्या समानतेचा गुणक लावलेला असतो. समजा एखादा माजी विद्यार्थी मुंबईत रुपयांत पगार घेतो. मुंबईत रुपयाला जे मिळते ते न्यूयॉर्कमध्ये मिळवायला किती डॉलर लागतील, या हिशोबाने त्याचा पगार यादीत कितीतरी फुगून दिसतो. तुलनेसाठी ते योग्यही असेल, परंतु कर्जाचा हप्ता क्रयशक्तीत भरता येत नाही. ज्या संस्थेचे बरेच विद्यार्थी भारतात किंवा तशाच स्वस्त देशात परततात, तिचा डॉलरमधला आकडा वाचताना ही मेख लक्षात ठेवावी.

मानांकनाकडे जरूर पाहा, पण चाळणी म्हणून. ‘एएसीएसबी’, ‘इक्विस’ आणि ‘अँबा’ यांपैकी एकही मान्यता नसलेली संस्था असेल तर मी पुढे वाचणारच नाही. तिन्ही असतील तर फक्त इतकेच कळते की दुकान खरे आहे; माल आपल्या मापाचा आहे का, ते कळत नाही.

पार्कचौक

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्यातली शेवटची नऊ वर्षे कर्ज विभागात, सोलापुरातच. धागाकर्त्याने खर्च लिहिला, पण कर्ज कशावर मिळणार ते लिहिले नाही. आपल्या भागात गाडी तिथेच अडते.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. त्यावरच्या रकमेला घर, सदनिका, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव असे काहीतरी लागते. काही बँका निवडक परदेशी संस्थांसाठी विनातारण मोठी रक्कम देतात, पण ती यादी त्या बँकेची स्वतःची असते. वर्तमानपत्रात पहिल्या शंभरात असलेली संस्था त्यात असेलच असे नाही. तेव्हा प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तिन्ही नावे घेऊन शाखेत जा आणि यादीत आहेत का ते विचारा.

आमच्याकडे एकदा मोहोळकडचे एक पालक सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून घेऊन आले होते. पाच एकर बागायत, त्यात द्राक्षबाग, विहिरीला पाणी. मुलाला कॅनडात प्रवेश मिळालेला. मी त्यांना पाणी दिले, चहा दिला आणि मग सांगितले की शेतजमीन या कर्जाला तारण म्हणून चालत नाही. त्यांनी उतारा पुन्हा घडी करून पिशवीत घातला तो अगदी सावकाश, जणू माझे मत बदलण्यासाठी मला वेळ देत होते. गुंठेवारीच्या भूखंडाचेही तसेच. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वच्छ सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध अहवाल) नसेल तर वकील पुढे जात नाही. कारखान्याचा भूखंड औद्योगिक वसाहतीतला असल्याने तो भाडेपट्ट्याचा. गहाण ठेवण्यास औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी लागते, आणि बहुतेक वेळा तो कॅश क्रेडिटपोटी, म्हणजे धंद्याच्या चालू कर्जापोटी, आधीच बँकेकडे असतो.

आता हप्त्याचे. साडेदहा टक्के व्याज धरा. अमेरिकेसाठी ८० लाख घेतले, चार सत्रांना वीस-वीस लाख उचलले आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर सहा महिन्यांनी सुरू झाली, तर तोपर्यंत साध्या व्याजाचेच १४ लाख ७० हजार होतात. ते न भरता मुद्दलात मिळवले तर पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे १ लाख ५ हजार बसतो. जर्मनीसाठी ३१ लाख दोन टप्प्यांत उचलले, तर परतफेडीच्या वेळी सुमारे ३५ लाख होतील आणि दहाच वर्षांचा हप्ता ४७ हजारांच्या आसपास येईल. इंग्लंडचे जवळपास तसेच.

एक दिलासा: बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर) लागत नाही. स्वतःच्या पैशातून पाठवताना आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलात तर तो कापला जातो आणि पुढे विवरणपत्रात वळता करून घ्यावा लागतो. व्याजावर आयकरातली वजावट आठ वर्षे मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच.

टॉवेलवाला (धागाकर्ता)

पार्कचौक काका, मनःपूर्वक आभार. हे गणित मी आजवर टाळत होतो हे कबूल करतो. परत येऊन पुण्यात बरी नोकरी मिळाली तर हातात दरमहा सव्वा लाखाच्या आसपास येईल असे मी धरतो. त्यातून ४७ हजार देता येतात; १ लाख ५ हजार दिले तर उरते काय?

सातरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे अहवालातली दुसरी ओळ पाहिली. पहिल्या पानावरच्या टक्क्यापेक्षा ती बरीच खाली आहे. शिवाय ती ओळ ज्यांच्यावर बेतली आहे ते विद्यार्थी जेमतेम दोन आकडी आहेत, म्हणजे चार जणांनी आकडा इकडचा तिकडे होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा आमच्या निर्यातदाराने दोन ऑर्डरी थांबवल्या आणि वडिलांनी एक पाळी बंद ठेवली. म्हणजे घरचे उत्पन्न अमेरिकेवर टांगलेले आणि माझे कर्जही तिथल्याच नोकरीवर टांगणार. एकाच खुंटीला सगळे. मामांना हे कसे सांगावे ते मात्र अजून सुचलेले नाही.

कडकभाकरी

थोडे विषयांतर वाटेल, पण जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण हाताशी आहेतच तर हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा) किंवा आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचा विचार का नाही? भारतातच परत यायचे असेल तर भारतातली ओळख इथेच जास्त उपयोगी पडते. हिशोब ‘परत आलो तर’ या गृहीतकावर मांडायचा आणि प्रवेश परदेशात घ्यायचा, हे मला अर्धे पटते.

टॉवेलवाला (धागाकर्ता)

आक्षेप योग्य आहे. आयएसबीला अर्ज केला होता, प्रतीक्षायादीतून पुढे सरकलो नाही. जीमॅटचे गुण पाच वर्षे चालतात, त्यामुळे ती वाट बंद नाही. पण मला बाहेरची बाजारपेठ आतून पाहायची आहे. वडिलांनी तीस वर्षे माल पाठवला आणि तो कोणत्या दुकानात, किती किमतीला विकला जातो हे त्यांना आजही माहीत नाही.

इंद्रभुवन

मी दक्षिण जर्मनीत सहा वर्षांपासून आहे. जर्मनीबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज असतात म्हणून सविस्तर लिहिते.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य तुम्हाला रोज ऐकावे लागत असेल. ते सरकारी विद्यापीठांच्या बहुतेक नेहमीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांबद्दल खरे आहे, आणि तिथेही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते. एम.बी.ए. वेगळे. तिथे पूर्ण बाजारभावाची फी असते, आणि तुमच्या ५५ लाखांत ती दिसतेच आहे. नुकती पदवी झालेल्या, अनुभव नसलेल्या वाचकांनी मात्र मानहाइमसारख्या सरकारी विद्यापीठातले व्यवस्थापनाचे मास्टर्स आवर्जून पाहावे, त्यांच्यासाठी एम.बी.ए.ची घाई व्यर्थ आहे.

व्हिसाआधी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी ते नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक आहे, आणि त्याला वेळ लागू शकतो म्हणून आजच अर्ज करा. सप्टेंबर २०२४ पासून राहण्याच्या खर्चासाठी बंदिस्त खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्यात सोडत नाही. त्यानंतरच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे कुशल नोकरदारांच्या परवान्यासाठी, २०२५ सालची पगाराची मर्यादा ४८,३०० युरो होती, नव्या पदवीधरांसाठी ४३,७५९.८०. हे आकडे दर जानेवारीत बदलतात.

आता कडू भाग. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, नोकरी इंग्रजीत नाही. माझ्या वर्गात एक अतिशय हुशार मुलगा होता, मूळचा पुरवठा साखळीचाच. मुलाखतीची पहिली फेरी इंग्रजीत झाली, दुसऱ्या फेरीत त्याला गोदामात नेले आणि तिथल्या फोरमनशी बोलायला सांगितले. फोरमन सज्जन होता, हळू बोलत होता, पण जर्मनच बोलत होता. तुमचे काम खरेदीचे आणि पुरवठ्याचे, म्हणजे पुरवठादार, मालवाहतूक आणि गोदाम यांच्याशी रोजचा संबंध. जर्मनची बी१ (मध्यम) पातळी नसेल तर १८ महिने भुर्रकन जातात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनसाठी आजच नाव घाला. प्रवेश सप्टेंबरचा असेल तर निघण्यापूर्वी त्याच्या खालची ए२ पातळी तरी पदरात पडेल.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्यासारखी: घरगुती कापडाचे हाइमटेक्सटील हे प्रदर्शन दरवर्षी जानेवारीत फ्रँकफुर्टला भरते. दोन वर्षांपूर्वी मी सहज गेले, तर टॉवेलच्या दालनात एका गृहस्थांकडून अस्सल सोलापुरी हेल ऐकू आला.

पूर्वभाग

इंग्लंडची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. एक वर्ष, ओळखीची भाषा आणि तुलनेने सोपी कागदपत्रे हे फायदे खरे आहेत. पण ज्या दोन वर्षांच्या ‘ग्रॅज्युएट रूट’साठी, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करण्याच्या परवान्यासाठी, लोक जातात, तो १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिन्यांचाच मिळणार आहे. या सप्टेंबरात गेलात तर पदवी त्यानंतरच हातात पडेल, म्हणजे तुम्हाला १८ महिनेच. पुढच्या कुशल कामगार व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड झाली; नवख्यांना ३३,४००. लंडनबाहेर पहिल्या नोकरीत एवढे गाठणेही सोपे नाही. विवाहित वाचकांनी हेही पाहावे की जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार बरोबर नेता येत नाही. मी त्याआधी गेलो म्हणून पत्नी बरोबर होती. नाहीतर मी दोन महिन्यांत परत आलो असतो.

भुईकोट

एक विचारायचे राहिले. इंग्लंडचा प्रवेश एखाद्या सल्लागारामार्फत घेतला आहे का? आपल्या शहरात ‘मोफत मार्गदर्शन’ देणारी जी कार्यालये आहेत त्यांचे उत्पन्न बहुधा परदेशी विद्यापीठांच्या दलालीतून येते. दलाली घेणे गुन्हा नाही. परंतु माझ्या भाच्याला अशाच एका ठिकाणी जर्मनीबद्दल विचारल्यावर ‘तिकडे थंडी फार’ एवढेच उत्तर मिळाले होते, आणि चारही सूचना एकाच देशाच्या होत्या.

टॉवेलवाला (धागाकर्ता)

हो, इंग्लंडचा अर्ज तशाच एका कार्यालयातून गेला. मुदतीची आठवण दिवसाआड तिथूनच येत होती. विद्यापीठाला मी थेट ईमेल केली तेव्हा तीन आठवडे मुदतवाढ एका ओळीत मिळाली.

त्या तीन आठवड्यांत तिन्ही संस्थांच्या मिळून अकरा माजी विद्यार्थ्यांना लिहिले. सात जण बोलले. सर्वांना सातरस्ता यांचाच प्रश्न जरा वळवून विचारला: तुमच्या वर्गातले भारतीय आज कोणकोणत्या देशात आहेत, आणि तिथे नोकरी मिळाली तेव्हा ती संस्थेच्या ओळखीतून मिळाली की स्वतःच्या खटपटीतून? अमेरिकेतल्या दोघांपैकी एक जण बोलता बोलता माझाच सल्ला विचारू लागला. इंग्लंडचे तिघेही भारतात आहेत, दोघे समाधानी. जर्मनीच्या दोघांपैकी एकीने सांगितले की तिला नोकरी अभ्यासक्रमातल्या कंपनी-प्रकल्पातून मिळाली, आणि प्रकल्प मिळाला तो तिला जर्मन येत होते म्हणून. इंद्रभुवन ताई, त्या क्षणी तुमचा फोरमन आठवला.

जर्मनीची आगाऊ रक्कम काल भरली. अमेरिकेला नकार कळवला. मामांना वडिलांनीच फोन केला आणि काय बोलले ते मला सांगितले नाही. मॅक्स म्युलर भवनाच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातले आहे, त्यामुळे पुढचे काही महिने हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला येणे बंद.

आजीला सांगितले की तिकडचे टॉवेलांचे प्रदर्शन जानेवारीत, नेमके गड्ड्याच्याच दिवसांत असते. ती म्हणाली, मग एक वर्ष तू तिकडची जत्रा कर.

पार्कचौक

अभिनंदन. आता घराच्या कागदांचे बघा. सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा लागेल, आणि घर आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर वारसाने आले असेल तर आत्यांची हक्कसोडपत्रे नोंदवलेली आहेत का ते आधी तपासा. नसतील तर मला व्यक्तिगत संदेश करा. सोमवारी सकाळी मी दुय्यम निबंधक कार्यालयाकडे जाणारच आहे.